राजेसाहेबांच्या मित्राचं दुखणं

“लेप की सुई? एकच काय ते सांगा!” हिरडगडचे राजे रायाजीराव कडाडले, आणि खाजगी महालात उभे असलेले वैद्य आणि डॉक्टर एकमेकांची तोंडं बघत राहिले.

मामला नाजूक होता. राजांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या एका जिवलग मित्राला दुखणं जडलं होतं. बाकी प्रकृती ठणठणीत, पण बायकोजवळ गेलं की ऐन वेळी शरीर साथ देत नसे. मित्र पन्नाशीचा होता, भरघोस मिशांचा होता आणि नाव विचारलेलं त्याला मुळीच खपणार नव्हतं!

“रोग्याला बघायचं नाही. त्याला एक अक्षर विचारायचं नाही. तरी निकाल अचूक हवा,” राजे म्हणाले. “चुकलात तर दोघंही गडाबाहेर!”

“लेपच, सरकार!” धुंडिराज वैद्य घाईघाईनं म्हणाले. “टोचणं नाही, रक्त नाही. हळुवार चोळला की झालं.”

“आणि मग वाट बघत बसायचं!” फ्रामजी डॉक्टर उसळले. “सुई तशी नाही. टोचली की थोड्याच वेळात काम फत्ते!”

“टोचायची कुठं?” राजांनी विचारलं.

डॉक्टरांनी घसा खाकरला. “जिथं दुखणं, तिथंच.”

राजांनी गुडघे घट्ट जुळवले. “मित्राला... मित्राला ते आवडणार नाही.”

एवढ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. विड्यांचं तबक घेऊन दाराशी उभी असलेली हौसा तांबोळीण! पदर तोंडाशी धरून तिनं हसू दाबायची पुष्कळ खटपट केली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

राजांच्या मिशा थरथरल्या. “हसतेस? मग आता तूच निकाल दे! चुकलीस तर पानाचं दुकान उचलायचं आणि राज्याबाहेर चालू लागायचं!”

हौसाला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. ती राजे आणि राणी, दोघांच्याही महालांत विडे पोचवायची. राजे कित्येक दिवस कामाचं निमित्त सांगून बाहेरच्या महालात झोपत होते. आणि आज सकाळीच राणी गजराबाई डोळे पुसत माहेरी जायच्या पेट्या बांधून घेत होत्या. गप्प बसून भागणार नव्हतं.

“वैद्यबुवा,” तिनं विचारलं, “लेपाचं कौतुक ऐकलं. त्याची खोड सांगा की!”

वैद्य चाचरले. “एखाद्याला गुण येतो, एखाद्याला येत नाही. जरा जळजळ होते. शिवाय लेप... बायकोच्याही अंगाला लागतो.”

“आणि सुईची, डागदरसाहेब?”

“दुखते. काळंनिळं पडतं. आणि क्वचित एखाद्याचा आलेला जोर उतरतच नाही! चार तास झाले तर धावत दवाखाना गाठायला लागतो.”

चार तास ऐकून राजांचे डोळे चमकले. दवाखाना ऐकून विझले.

“म्हणजे लेपाचा भरवसा कमी आणि सुईची धास्ती जास्त,” हौसा म्हणाली. “सरकार, रोग्याला विचारायचं नाही असा हुकूम आहे. रोग्याच्या बायकोला विचारायचं नाही, असा हुकूम कुठं आहे?”

राजांचा चेहरा उतरला. “तिला यातलं काही माहीत नाही!”

“मग ती बिचारी काय समजत असेल, सरकार?”

हा विचार राजांच्या मनाला शिवलाच नव्हता.

“तिच्या पेट्या बांधून झाल्यात म्हणे,” हौसा हळूच म्हणाली. “माहेरच्या वाटेला लागायच्या बेतात आहे.”

“कोण? कधी?” राजे ताडकन उठले. “अगं मग उभी काय राहिलीस? जा! विचारून ये!”

हौसा धावली ती राणीसाहेबांना सगळं सांगून त्यांनाच घेऊन आली. राणीसाहेबांचे डोळे रडून लाल झाले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी वेगळंच खेळत होतं. वैद्य आणि डॉक्टर मान खाली घालून गालिच्यावरची वेलबुट्टी न्याहाळू लागले.

“स्वारींच्या मित्राची बायको आमच्या चांगल्या ओळखीची आहे,” राणीसाहेब म्हणाल्या. “नवऱ्याचं मन दुसरीकडे गुंतलंय, असं वाटत होतं तिला. बरं झालं, नुसतं दुखणंच निघालं!”

“बरं झालं?” राजे दुखावून म्हणाले.

“तिचा निरोप असा. मित्रानं लाज सोडून आधी या दोघांकडून नीट तपासून घ्यावं. दोघांची हरकत नसेल तर पहिल्यांदा लेप. तिच्या अंगाला लागला तर तिचं ती बघेल. गुण नाही आला तर सुई. आणि मित्राला सुईचं भय वाटलं तर...”

“तो कशाला भितोय!”

“...तर हात धरायला ती शेजारी बसेल. मात्र बाहेरच्या महालातलं अंथरूण आजच आत आलं पाहिजे!”

राजे मिशीवरून हात फिरवत राहिले. मग एकदम हौसाकडे वळले. “हा सल्ला तर राणीसाहेबांचा झाला. तुझं काय? आणि हाच निकाल अचूक कशावरून? मित्राला पटायला नको?”

“पटलाय की, सरकार!” हौसा म्हणाली. “अंथरुणाची गोष्ट निघाल्यापासून तो गालातल्या गालात हसतोय!”

यावर राजे असे खो खो हसत सुटले, की डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांना राणीसाहेबांचाच पदर घ्यावा लागला! डॉक्टर हसले, वैद्य हसले. त्याच दुपारी नदीकाठचा हिरवागार पानमळा, विहिरीसकट, हौसा तांबोळणीच्या नावावर झाला.