घटिकेच्या दोन वाट्या

एका राज्यात नदी उगम पावत असे आणि शेजारच्या राज्यातून समुद्राला जात असे. वरच्या राज्याचा राजा वज्रसेन, खालच्या राज्याचा राजा शंखपाल. सीमेवर एक दगडी बंधारा होता. तो एका मांत्रिकाने एका श्वासात बांधला होता आणि बांधून दमल्यावर तो त्याच्याच मधल्या खांबात राहायला गेला होता. बंधाऱ्याला एकच दार. दार लावले की पाणी वरच्यांच्या पाटात वळे, उघडले की खाली वाहे. तीस घटका यांच्या, तीस घटका त्यांच्या, असा करार होता.

घटका मोजायला दोन्ही काठांवर तांब्याची एकेक वाटी होती. वाटीच्या बुडाला बारीक भोक. पाण्याच्या घंगाळात वाटी सोडली की भोकातून पाणी शिरे आणि वाटी भरून बुडे. बुडाली की एक घटका झाली.

खालच्या काठावरची वाटी गवरा पाटकरीण सांभाळी. तिच्या आजीच्या आजीपासून ते काम घरात होते. दर अमावास्येला गवरा चिंच आणि राख घेऊन वाटी आतबाहेर घाशी, भोकातही राखेची वात फिरवी. वाटी अशी चमके की वाटसरू थांबून तोंड पाहत. वरच्या काठावर अंबोजी घटके नावाचा म्हातारा बसे. त्यांच्याकडे देवाची वस्तू घासायची नाही असा रिवाज. तो वाटीला रोज वरून गंध लावी, पण धूत नसे.

वर्षे गेली. खालच्या राज्यातली शेते शेवटच्या दोन पाळ्यांना कोरडी राहू लागली. गवराने वरच्यांची पाळी मोजली. दार चौतीस घटका लागलेले असे. तिने ते राजाला सांगितले. वरून निरोप आला, "तीसच." मग गवरा आणि अंबोजी दोघांना शपथेसाठी बंधाऱ्यावर आणले.

मांत्रिकाचा शाप सर्वांना ठाऊक होता. या पाण्यात हात बुडवून घेतलेल्या दोन शपथा एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर नदी दगड होईल.

"चौतीस," गवरा म्हणाली.

"तीस," अंबोजी म्हणाला.

नदी दगड झाली. उडी मारलेला एक मासा अर्धा बाहेर, अर्धा आत राहिला.

दोन्ही काठांवरची माणसे समोरच्यांना लबाड म्हणाली. राजा शंखपालाने हुकूम दिला, "पौर्णिमेपर्यंत नदी वाहिली नाही, तर खोट्या शपथेबद्दल गवराचा कडेलोट. दुसऱ्या दिवशी सैन्य बंधारा ओलांडील." राजा वज्रसेनाने अंबोजीसाठी तोच हुकूम दिला.

गवरा दगडी नदीच्या काठी बसली. आपण खोटे बोललो नाही हे तिला पक्के ठाऊक होते. म्हणजे म्हातारा खोटा. त्याच्यापायी आपला जीव जाणार. शेजारी एक खंड्या पक्षी चोच चोळत बसला होता.

"चार वेळा सूर मारला," तो म्हणाला. "चार वेळा चोच वाकली. बाई, हे तुझे काम का?"

"त्या म्हाताऱ्याचे," गवरा म्हणाली.

"तो पलीकडे तुझे नाव घेतो. जा, खांबातल्याला विचार."

गवराने मधल्या खांबावर थाप मारली. आतून जांभई ऐकू आली.

"तीन गोष्टी आण," मांत्रिक म्हणाला. "कोणाच्याही राज्याचे नाही असे घंगाळभर पाणी. वरच्या राज्याची वाटी. आणि बंधाऱ्याखालच्या गुहेतली सोन्याची सुई. सुईला 'माझी' म्हणून हात लावणारा दगड होतो, एवढे लक्षात ठेव."

गवरा विचारात पडली. वर पडलेला पाऊस वरच्यांचा, खाली पडलेला खालच्यांचा. कोणाचेच नाही असे पाणी कुठले? खंड्याने मान वाकडी केली. "न पडलेले," तो म्हणाला, आणि सवयीप्रमाणे सूर मारला. या वेळी वरच्या दिशेने. ढगात शिरून ओलाचिंब परतला आणि घंगाळात पंख झटकले. अशा त्याने सात हजार खेपा केल्या. दोन दिवस लागले. घंगाळ भरले.

दुसऱ्या कामाला गवरा बंधारा ओलांडून अंबोजीच्या ओसरीवर गेली. तिच्या घरातले कोणी आजवर तिथे गेले नव्हते.

"वाटी द्या," ती म्हणाली.

"चोरांना?"

"चोर कोण ते कळावे म्हणूनच मागते. पौर्णिमेला मी त्या कड्यावरून जाईन, तुम्ही या कड्यावरून. मध्ये नदी नसेल, तेवढा एकमेकांचा आवाज नीट ऐकू येईल."

 अंबोजी वाटी उपरण्यात गुंडाळून उठला. "वाटी माझ्याशिवाय जात नाही. मी येतो."

गुहेच्या तोंडाशी सात दगडी पुरुष हात पुढे करून उभे होते. दोन्ही राज्यांचे जुने प्रधान. प्रत्येकाने सुई आपल्या राजासाठी मागितली होती. आत एका नागाच्या फण्यावर सुई लकाकत होती.

"कोणाची?" नागाने विचारले.

गवराच्या तोंडाशी 'आमची' आले होते. तिने अंबोजीकडे पाहिले. त्याच्याही तोंडाशी तेच आले होते, हे तिला दिसले.

"ज्या भोकाला बसेल त्याची," अंबोजी म्हणाला.

"तेच," गवरा म्हणाली.

नागाने फणा खाली केला. दोघांनी एकेक टोक धरून सुई बाहेर आणली.

पौर्णिमेच्या सकाळी दोन्ही राजे बंधाऱ्यावर आले. मागे सैन्ये उभी राहिली. ढगाच्या पाण्यात दोन्ही वाट्या एकदम सोडल्या. गवराची वाटी गुडुप बुडाली. अंबोजीची तरंगतच होती. दोन्ही सैन्ये तिच्याकडे पाहत राहिली. बऱ्याच वेळाने तीही बुडाली.

"त्यांची वाटी लबाड!" राजा शंखपाल ओरडला.

"त्यांची!" राजा वज्रसेन ओरडला.

"या वाट्या घडवणाऱ्या तांबटाने दोन्ही भोके याच सुईने पाडली होती," खांबातून आवाज आला. "घालून बघा."

अंबोजीने आपल्या वाटीत सुई घातली. ती आत जाईना. भोकात गंधाचे आणि क्षाराचे पुट बसले होते. खालच्या काठावर जल्लोष झाला. राजा शंखपाल हसला. "गवरा, झाले. तू सुटलीस. आता तुझी वाटी तपासायची गरज नाही."

गवराने आपली चमकती वाटी हातात घेतली. ती आता गप्प राहिली असती तर कोणी काही विचारले नसते. अंबोजी मान खाली घालून उभा होता. त्याला कड्याकडे नेण्यासाठी दोन शिपाई पुढे झाले होते.

तिने सुई घातली. सुई भोकातून सरळ पार होऊन खाली दगडावर पडली.

"महाराज," ती म्हणाली, "मी दर अमावास्येला ही घासते. आजी घाशी, आई घाशी. राखेने भोक मोठे झाले. माझी घटका आखूड आहे."

"माझी लांब आहे," अंबोजी म्हणाला.

"मग वरच्यांनी घेतल्या किती?" राजा शंखपालाने विचारले.

अंबोजीच्या वाटीचे भोक सुई बसेल एवढेच मोकळे करून दोघांनी वाटीला वाटी लावून पुन्हा पुन्हा पाहिले, बोटांवर मोजले आणि दगडी नदीवर हात ठेवले.

"बत्तीस," गवरा म्हणाली.

"बत्तीस," अंबोजी म्हणाला.

त्यांच्या बोटांखाली दगड ओला झाला. अर्धवट अडकलेला मासा सुटला, आणि तो पाण्यात पडायच्या आत खंड्याने त्याला उचलले. गुहेतले सात प्रधान जागे झाले आणि लाजून घरी गेले. सैन्ये ढाली उताण्या करून पाणी प्यायली. वर घेतलेल्या जादा घटका पुढच्या हंगामात खाली सोडायच्या ठरल्या.

एका तांबटाने त्या सुईने दोन नव्या वाट्या केल्या. नवा रिवाज पडला. वरची वाटी गवराने सांभाळायची, खालची अंबोजीने. आणि दर अमावास्येला दोघांनी मधल्या खांबापाशी भेटून सुई घालून पाहायची. घासायचे नाही, गंध लावायचे नाही.

अमावास्या आली की गवराचे हात शिवशिवत. ती घरातली सगळी भांडी घाशी आणि वाटी तेवढी काळवंडू देई. मग वाट्या बुडताना 'घटका झाली' अशी एकच हाक दोन काठांवरून उठे आणि पाण्यावर मिळे. त्यांची मोजणी जशी मिळाली, तशी ऐकणाऱ्यांचीही मिळो. कहाणी इथे तृप्त झाली.