साळिंदराचं नवं बीळ

फार पूर्वी एका टेकडीवर दयाळ पक्ष्यांची जोडी समोरासमोरच्या दोन झाडांवरून एकमेकांना साद घालत गायची. घरबसल्या गाणं ऐकता यावं म्हणून साळिंदराने नराच्या झाडाखालीच बीळ खणलं.

"तुझा आवाज खणखणीत आहे," ते नराला म्हणालं, "पण तुझी बायको नुसती पुटपुटते."

मादी गप्प झाली. साद येईना, तसा नरही गायचा थांबला.

साळिंदर वरमलं. "वहिनी, एकदाच गा," त्याने विनवलं. तिने नाराजीनेच सूर लावला, तशी नरानेही साद दिली. साळिंदर ऐकत ऐकत मागे सरकलं. दूर कड्यापाशी नुसता प्रतिध्वनीचा गलका होता. तिथून परत फिरून ते दोन्ही झाडांच्या मधोमध आलं आणि दोन्ही गळे सारखेच गोड ऐकू आले.

"वहिनी, मीच नको तिथे बसलो होतो," म्हणत त्याने तिथली माती उकरायला घेतली.