सांजशिळेची उसनी शीळ

ही गोष्ट अगदी खरी, गळ्याशपथ. मी या डोळ्यांनी पाहिलीय. म्हणजे, मी तेव्हा जन्मलो नव्हतो, माझा पणजोबाही नव्हता. पण त्यानं काय बिघडतं? पाय पांघरुणात घ्या आणि ऐका.

एकदा काय झालं, समुद्रात एक बेट होतं. त्यावर थोडे कोळी आणि पुष्कळ खेकडे. आणि तिथं सांजशीळ नावाची पाखरं राहायची. जगात दुसरीकडे कुठ्ठे नाहीत, बरं का. एवढासा मूठभर जीव, पण दिवस कलला की किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडावरून अशी शीळ घालायचा, की धुक्यात चुकलेल्या होड्या त्या आवाजावर सरळ घरी यायच्या.

मग लोकांना वाटलं, इतकं गुणी पाखरू झाडावर कशाला, आपल्या होडीतच असावं. आधी एका नाखव्यानं पिंजरा नेला. मग त्याच्या शेजाऱ्यानं नेला. मग सगळ्यांनीच नेले. आता बघा, वाट दाखवणारंच होडीत येऊन बसलं, तर किनाऱ्यावरून हाक कोण मारणार? खाऱ्या वाऱ्यात पाखरं मुकी झाली, आणि एकेक करून गेली. शेवटचं पाखरू हसुरामच्या होडीतलं. त्याचा पिंजरा रिकामा परत आला. त्याच्या बायकोनं, पोवळीनं, तो चुलीत घातला आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

मग एका संध्याकाळी दाट धुकं उतरलं, आणि हसुरामची होडी पाण्यावर. पोवळी खडकावर आली. तिनं हाका मारल्या, धुक्यानं गिळल्या. मग थाळी बडवली, लाटांनी गिळली. मग तिनं लहानपणापासून ऐकलेली ती शीळ आठवली, ओठांचा चंबू केला आणि घातली.

सासू धावत आली. बाईमाणसानं शीळ घालायची होय, गाव काय म्हणेल, असं बरंच बोलली.

"गावाचं उद्या ऐकू, आत्याबाई," पोवळी म्हणाली. "तुमचा लेक पाण्यावर आहे. ओठ ओले करा."

सासूला पुढचे दात नव्हते. शिळेऐवजी नुसती थुंकी उडाली. पण म्हातारी थांबली नाही. मग शेजारणी आल्या, आणि सगळा किनारा शीळ घालू लागला.

मग धुक्यात वल्ही वाजली. हसुराम उतरला आणि म्हणाला, "सांजशीळ परत आली?"

"नाही," पोवळी म्हणाली. "जाताना आपल्यापाशी शीळ ठेवून गेली थोडी."

तेव्हापासून त्या बेटावर पिंजरा कुणी बांधत नाही. रोज दिवस कलला की बायका उंडीखाली मूठभर तांदूळ ठेवतात, म्हणतात, "तुझी शीळ वापरतो गं बाई," आणि मगच ओठ ओले करतात. आणि एके दिवशी काय झालं, उंडीच्या शेंड्यावरून शिळेला शीळ आली.

बरं, हे शेवटचं तेवढं मी रचलं. तांदूळ कावळे खातात. सांजशीळ गेली ती गेलीच. पण होड्या मात्र सगळ्या घरी आल्या, माणसं गरम भात जेवली आणि सुखानं निजली. तेवढं खरं धरा, आणि तुम्हीही निजा.