तिम्माचा खांब

कारंबी नाक्याच्या उड्डाणपुलाखाली, मधल्या खांबाभोवती शहाबादी फरशीचा गोल कट्टा आहे. संध्याकाळी अख्खी वस्ती तिथे असते. बाया लसूण सोलतात, पोरं अभ्यास करतात. म्हातारे मात्र उभे. गुडघे मोडले तरी बसायचं नाही. विचारलं तर म्हणतात, परंपरा आहे. परंपरा कसली, लाज आहे.

असं सांगतात, पूल बांधताना तिम्मा गवंडी त्या खांबाच्या साच्यात पडला आणि वरून काँक्रीट पडतच राहिलं. वस्तीच्या पंचांनी पाहिलं. ठेकेदार म्हणाला, गप्प राहा, तुमच्या पोरांना कामावर घेतो. पंच नुसते गप्प राहिले नाहीत. तिम्मा पळाला, असं गावभर सांगत सुटले.

त्याची बहीण नागव्वा पुलाखाली वाट बघत बसायची. तिथे उकिरडा होता. एकदा कुणी तिला हटकलं, "पळाला की गं तो!" आणि खांबाच्या आतून गवंड्याची थापी वाजली. टक. टक. भावाचा हात तिने ओळखला. तिथे जो कुणी 'पळाला' म्हणे, त्याला आतून तेच उत्तर मिळे.

पंचांची तंतरली. त्यांनी खांबाला शेंदूर फासला, नारळ फोडला. नागव्वाने खुरप्याने शेंदूर खरवडला.

"अगं, देव झालाय तो!" थोरला पंच मल्लूमामा ओरडला.

"देवाला कुणी विचारत नाही मामा, कसा मेलास म्हणून. सोय बघताय व्हय?"

तिने उकिरडा उपसला, फुटक्या फरश्या जमवून कट्टा बांधला. बाया येऊ लागल्या. मग सावली बघून म्हातारे पंचही आले, निर्लज्जासारखे. मल्लूमामा खांबाला पाठ टेकून म्हणाला, "हात चांगला होता पोराचा. पळाला नसता तर..."

टक. थेट त्याच्या मणक्यात. मग थापी थांबेचना. मामा उठून उभा राहिला.

"पळाला नाही. आत हाय. आम्ही बघितलं."

आवाज बंद झाला. बायांनी हात जोडले. नागव्वा तेवढी धावली, खांबाला कान लावला. "तिम्मा? मार की रे एकदा." काही नाही. त्या थापीपुरताच भाऊ तिच्याकडे उरला होता. मग म्हणे ती स्वतःच खोटं बोलली, घसा फाटेस्तोवर, "पळाला! माझा भाऊ पळाला!"

खांब गप्प.

म्हातारे आजही तिथे बसत नाहीत. आणि जिचं माणूस हरवलंय अशी एखादी बाई खांबाला कान लावते, हळूच "पळाला" म्हणते, आणि थांबते.