शिट्टी आणि आग्या मोहोळ

डोंगरांच्या ओंजळीत वसलेलं एक गाव होतं, आणि त्या गावच्या शाळेत कवायत शिकवणारे एक गुरुजी होते. माणूस मनाने लोण्यासारखा, पण जन्माचा घाबरट. मूल पळताना दिसलं की त्यांच्या डोळ्यांपुढे ते पडलेलंच यायचं. कुणी झाडावर चढायचा विचार जरी केला तरी हे झाडाखाली हात पसरून उभे.

म्हणून त्यांनी मैदानावर एकच नियम केला होता. शिट्टी वाजली की रांगेत ताठ उभं राहायचं आणि पुन्हा वाजेपर्यंत हलायचं नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. मुलं त्यात इतकी तरबेज झाली की गावकरी मुद्दाम बघायला येत. चौथीतला रावजी तर असा उभा राही की चिमण्या त्याच्या पायांशी निर्धास्त दाणे टिपत. गुरुजींचा तो सर्वांत लाडका.

त्या वर्षी पहिली-दुसरीला एक नवीन बाई आल्या. त्यांचे खेळ निराळेच होते. "वाऱ्यावर उडालेलं पान व्हा," त्या म्हणत. "आता चिखलात रुतलेली म्हैस व्हा. आता चौघं मिळून एकच जनावर व्हा, पण जमिनीला पाचच पाय लागले पाहिजेत." कसं व्हायचं ते मात्र त्या कधीच दाखवत नसत. मुलं धडपडत, भांडत, हसत आणि काहीतरी नवीनच करून दाखवत.

गुरुजी लांबून बघत आणि कुणी धडपडलं की डोळे मिटून घेत.

"अहो बाई, एखाद्याचा हात मोडला म्हणजे?" एकदा न राहवून त्यांनी विचारलं.

"मी लक्ष ठेवते, गुरुजी. पण विचार त्यांचा त्यांना करू दे की."

"एवढीशी पोरं कसला विचार करणार? त्यांना सांगायला आपण आहोत ना!"

गुरुजींना चैन पडेना. ते हेडमास्तरांकडे गेले आणि ते खेळ बंद करवून आले. दुसऱ्या दिवसापासून लहान मुलंही रांगेत उभी राहू लागली. दुसरीतली सगुणा नावाची एक चिमुरडी तेवढी चुळबुळ करी. "सगुणा, हलायचं नाही," गुरुजी रोज बजावत.

मग कवायतीच्या कार्यक्रमाचा दिवस आला. गावकऱ्यांना बसायला मैदानावर मोठमोठी जाजमं अंथरली होती. लोक अजून यायचे होते. बाई आत वर्ग झाडून घेत होत्या. मुलं रांगा लावत होती, आणि मैदानाच्या कडेच्या सावरीच्या झाडावर, उंच फांदीला, आग्या मोहोळ लोंबत होतं.

एकाएकी आभाळातून एक घार आली आणि तिने मोहोळावर झडप घातली.

आधी नुसती गुणगुण ऐकू आली. मग झाडावरून काळा धूर उतरावा तशा माश्या खाली आल्या. गुरुजींची बोबडी वळली. काय करावं ते सुचेना, आणि सवयीने हात गेला तो शिट्टीकडे.

शिट्टी वाजली. सगळी मुलं जागच्या जागी ताठ झाली.

माश्या पहिल्या रांगेवर तुटून पडल्या. रावजीच्या गालावर, कानावर, पापणीवर माश्या बसल्या. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो हलला नाही. 'पळा' म्हणावं, तर पळून जायचं कुठे? शाळेचं दार मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. गुरुजींचं डोकं रिकामं झालं. इतकी वर्षं त्यांनी हुकूम दिले होते, पण या संकटाला लागू पडेल असा एकही हुकूम त्यांच्यापाशी नव्हता.

तेवढ्यात रांग मोडली. सगुणा धावली आणि जाजमाचं टोक धरून ओढू लागली.

"या रे आत! आपण भलीमोठी गोगलगाय होऊ! डोकी आत, पाय आत!"

लहान मुलं भराभर जाजमाखाली शिरली. मोठी मुलं मात्र उभीच. माश्या डसत होत्या आणि ती गुरुजींच्या तोंडाकडे बघत होती. पुन्हा शिट्टी वाजल्याशिवाय हलायचं कसं?

मुलांना मोकळं सोडायचं, तेही एका सात वर्षांच्या पोरीच्या भरवशावर! गुरुजींनी रावजीच्या सुजत चाललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "रांग मोडा! सगुणा सांगते तसं करा!"

मुलं जाजमांखाली घुसली. चाचपडत, एकमेकांना धडकत त्या गोगलगायी सरकू लागल्या.

"गुरुजी, दिसत नाही!" आतून सगुणाचा रडवेला आवाज आला. "आवाज द्या ना!"

शिट्टी वाजवावी तर मुलं थबकणार. गुरुजींनी ती फेकून दिली. डोक्यावर उपरणं ओढून ते शाळेच्या दाराकडे मागे मागे चालत निघाले. "इकडे या, बाळांनो! इकडे! मी इथे आहे!" माश्या त्यांच्या हातांना, मानेला डसत होत्या. तरी त्यांनी हाका थांबवल्या नाहीत. बाईंनी दार उघडलं, एकेकाला आत घेतलं, शेवटी गुरुजींनाही ओढून घेतलं आणि दार लावलं.

सगळी मुलं वाचली. वैद्यबुवांनी रात्रंदिवस उपचार केले. सर्वांत जास्त डंख रावजीला होते. त्याचे डोळे सुजून मिटले होते, अंग तापाने फणफणत होतं. गुरुजी त्याच्या उशाशी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी पोराचे ओठ हलले.

"गुरुजी, मी हललो नव्हतो ना?"

गुरुजींना हुंदका आवरेना. "नाही रे बाळा," एवढंच ते कसंबसं म्हणाले.

रावजी बरा होऊन शाळेत आला, त्या दिवशी गुरुजी मैदानावर गेले. बाई बाजूला उभ्या होत्या. "त्या भिंतीपर्यंत जायचं," गुरुजी मुलांना म्हणाले. "पण चालायचं नाही आणि धावायचंही नाही."

"मग कसं जायचं, गुरुजी?" रावजीने विचारलं.

गुरुजींचा हात सवयीने गळ्याकडे गेला, पण तिथे शिट्टी नव्हती. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "तू सांग."

रावजी बराच वेळ तसाच उभा राहिला. त्याने एकदा गुरुजींकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. मग हळूच जमिनीवर आडवा झाला आणि धूळ उडवत, हसत, लोळत निघाला.

तात्पर्य एवढंच, की नुसता हुकूम पाळायला शिकलेलं मूल हुकूम देणारा गोंधळला की अडकून पडतं. खेळता खेळता स्वतःची वाट शोधायला शिकलेलं मूल मात्र दुसऱ्यांनाही वाट दाखवतं. म्हणून भीती आपल्याला वाटली, तरी पोरांना खेळू द्यावं.