न जळलेले घर

एकदा एका वृद्ध गृहस्थाने आपल्या सर्वांत लाडक्या शिष्याचे घर भर दुपारी पाडले. घराला आग लागलेली नव्हती. घर पडके नव्हते, वादातले नव्हते. उलट नुकतेच हौसेने बांधलेले, सागवानी सज्जाचे दुमजली घर होते. आणि शिष्य त्या वेळी कुठे होता? त्याच आळीच्या टोकाला, जीव धोक्यात घालून दुसऱ्यांची घरे वाचवीत होता.

ही कथा सांगताना इथेच कोणीतरी मला थांबवते. म्हणते, म्हातारा भ्रमिष्ट झाला होता काय? जरा धीर धरा. त्या गावालाही तेच वाटले होते, आणि ते गाव तुमच्या-आमच्याहून काही कमी शहाणे नव्हते.

गाव म्हणजे आठवडी बाजाराचे लहानसे ठिकाण. कुठे आग लागलीच तर सरकारी बंब तालुक्याहून यायचा, आणि तो वेशीत शिरेपर्यंत राखही गार झालेली असायची. म्हणून या वृद्धाने, ज्यांना सारे गाव आप्पा म्हणे, आपल्या उमेदीच्या काळात गावकऱ्यांचेच एक अग्निसेवक मंडळ उभारले होते. हाताने चालवायचा एक पितळी बंब, बादल्या, दोरखंड, पहारी आणि एक घंटा, एवढाच संसार. पगार कोणालाच नाही. गवंडी, शिंपी, शाळामास्तर, दुकानदार, सगळे आपापली कामे करीत आणि घंटा झाली की हातातले टाकून धावत. शिंपी अंगावरचे माप अर्धवट सोडून पळाला तरी त्या गावात गिऱ्हाईक रागवत नसे.

वय झाल्यावर आप्पांनी मंडळाचे नायकपद विश्वंभराकडे सोपवले. विश्वंभर त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. माणूस कर्तबगार, त्यात खोट काढायला जागा नाही. बंबाला वेळेवर तेल, दर रविवारी कवायत, कोणी कुठे उभे राहायचे ते ठरलेले. बोलायलाही हुशार. असली हुशार माणसेच कधी कधी सगळ्यात मोठा घोटाळा करतात, कारण त्यांना अडवायला कोणी धजत नाही.

झाले असे. आग मोठी असली की नुसते पाणी मारून ती आवरत नाही. तिच्या वाटेतले एखादे घर आधीच पाडून मोकळी जागा करावी लागते, म्हणजे तिला पुढे खायला काही उरत नाही. पण ऐन आगीत कोणाचे घर पाडायचे यावर वाद घालत बसलात तर संपलेच. तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार. म्हणून विश्वंभराने शहाणपणा केला. त्याने मंडळाची बैठक बोलावली, प्रत्येक आळीतले एकेक घर निवडले आणि त्याच्या दारावर गेरूची खूण काढून घेतली. वेळ आली तर ते पाडायचे, विचारत बसायचे नाही.

बैठक अगदी गोडीगुलाबीने पार पडली. आता जिथे लोकांची घरे पाडायची चर्चा आहे, ती बैठक चहापाण्यासह गोडीगुलाबीने पार पडते म्हणजे काय समजायचे ते समजा. बाजार ओळीत धान्याच्या व्यापाऱ्याने एका गुराख्याची झोपडी सुचवली. सर्वांनी माना डोलावल्या. विश्वंभराच्या स्वतःच्या आळीत खूण पडली तानूबाईच्या दारावर. तानूबाई म्हणजे त्याची शेजारीण, दुसऱ्यांचे दळण दळून पोट भरणारी एकटी विधवा. घर बुटके, भिंती मातीच्या, वरचे धाबेही मातीचे. "नुकसान कमीत कमी," विश्वंभर म्हणाला होता. ज्यांच्या दारांवर खुणा पडल्या, त्यांच्यापैकी एकही जण त्या बैठकीला नव्हता. आप्पाही नव्हते. त्यांनी खुणा नंतर पाहिल्या आणि ते काही बोलले नाहीत.

चैत्रातल्या एका दुपारी आळीच्या पश्चिम टोकाच्या लाकूड-अड्ड्याला आग लागली. वारा पश्चिमेचाच, म्हणजे थेट आळीत शिरणारा, आणि आळीच्या मागे सगळा बाजार. घंटा झाली. विश्वंभर बंब घेऊन सर्वांत पुढे गेला आणि ज्वाळांसमोर पाय रोवून उभा राहिला. त्याने मागे वळून हाक दिली, "मागची फळी आप्पांच्या हाती. आगीची वाट तोडा."

मागची फळी पहारी घेऊन तानूबाईच्या दाराशी आली. आप्पा तिथून न थांबता पुढे गेले आणि शेजारच्या दुमजली घरासमोर उभे राहिले.

"आप्पा, खूण इकडं आहे," शिंपी म्हणाला.

"खूण मी पाहिली आहे. पहार इकडे दे."

"पण हे तर नायकांचं घर."

"मला ठाऊक आहे. आत त्याची आई आहे, तिला आधी बाजेसकट उचला. देव, धान्य, कपडे, जे हाताला येईल ते बाहेर काढा. मग दोर सज्जाला बांधा."

माणसे जागची हलेनात. तेव्हा त्या म्हाताऱ्याने पहार स्वतः उचलली आणि सज्जाच्या खांबावर पहिला घाव घातला. ज्या मुलाला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवले होते, ज्याच्या वास्तुशांतीला पहिल्या पंगतीत बसून ते जेवले होते, त्याच्या घरावर. पाहणारे दोन पावले मागे सरले. पण वर्षानुवर्षांची शिस्त अंगात मुरलेली. एकाने दोर ओढला, मग दुसऱ्याने. सज्जा कोसळला, छप्पर बसले, आणि आळीत एवढी धूळ उडाली की क्षणभर धूर कुठला नि धूळ कुठली कळेना.

आणि मग वारा फिरला.

होय. आग आळीच्या सुरुवातीची काही घरे खाऊन तिथेच थबकली, आपल्याच राखेवर उलटली आणि विझली. तानूबाईच्या घरापर्यंत आलीसुद्धा नाही. मग विश्वंभराच्या घराचे तर बोलायलाच नको.

काळ्या तोंडाने, भाजलेल्या हातांनी विश्वंभर परत आला. दमला होता, पण खूश होता. माणूस एकही दगावला नव्हता. आपल्या दारापाशी आला आणि थांबला. दार नव्हते. भिंती नव्हत्या. फक्त जिना उभा होता, कुठेही न जाणारा. समोर लिंबाखाली बाजेवर त्याची आई देवांचे पितळी ताट मांडीवर घेऊन बसली होती.

"आई, आग इथवर आली?"

"नाही रे," ती म्हणाली. "तुझीच पोरं आली होती. तू शिकवलंस तसं सगळं नीट केलं त्यांनी. मला हिसकासुद्धा बसू दिला नाही."

गर्दीतून कोणीतरी पुटपुटले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." सारे गाव सुन्न झाले होते. शिंप्याने तर पहार खाली टाकून तोंड फिरवले.

विश्वंभर आप्पांसमोर गेला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते, असे पुढे शिंपी सांगत असे.

"आप्पा, खूण शेजारच्या घरावर होती."

"होती."

"मग घाईत चूक झाली का?"

"नाही. मी मुद्दाम केलं."

"वारा फिरला. माझं घर उगाच गेलं."

"वारा फिरेल हे मला ठाऊक नव्हतं," आप्पा म्हणाले. "ठाऊक असतं तर हात लावला नसता. तुझं घर वाया गेलं, विश्वंभर. त्यावर मी गोड बोलून फुंकर घालणार नाही."

"मग माझंही ऐका. आजपासून मी नायक नाही. घंटा, बंब, सगळं तुमचं तुम्हाला. गाव जळलं तरी मी येणार नाही."

हे ऐकून लोकांच्या तोंडचे पाणी पळाले. विश्वंभर गेला तर मंडळ गेले, हे लहान पोरालाही कळत होते. आप्पा काही बोलणार, तेवढ्यात तानूबाई तांब्या घेऊन आली. तिला या बोलण्यातले काहीच ठाऊक नव्हते. तिने विश्वंभराच्या हातात तांब्या दिला.

"पी बाळा. घसा सुकला असेल. काय हे झालं रे तुझ्या घराचं. आणि माझं बघ, एक ढेकूळ हललं नाही. त्या खुणेची पुण्याई."

"कुठली खूण?"

"तुझ्या मंडळानं माझ्या दारावर काढलीय ती. मला आपलं वाटलं, आग आली की आधी कुणाला वाचवायचं त्याची खूण असणार. मी रोज तिला हळद वाहते बघ. म्हटलं, एवढ्या मोठ्या आळीत पोरांनी माझंच घर निवडलं. कोण करतं रे एवढं एकट्या बाईसाठी?" ती बाजेकडे वळली. "आणि तुम्ही उन्हात काय बसलात? घर काय परकं आहे का? चला आत."

विश्वंभराच्या हातात तांब्या तसाच राहिला.  त्याने त्या दाराकडे पाहिले. गेरूवर हळदीची बोटे उमटलेली होती, कालची, परवाची, एकावर एक. माणसाला लाज वाटते ती आपण पाहतोच. पण त्या घटकेला त्याच्या चेहऱ्यावर लाजही नव्हती. नुसता धसका होता, आपण काय करायला निघालो होतो याचा.

आप्पांनी त्याला जिन्याच्या पायरीवर बसवले आणि शेजारी बसले.

"तिचं घर मातीचं, धाबं मातीचं," ते म्हणाले. "मातीला आग लागते कधी? ते पाडून काय मिळणार होतं? ठिणगी त्या ढिगावरून उडून तुझ्या सज्जावर बसली असती आणि तिथून बाजारात. आग उंच लाकूड शोधते, हे मी तुला शिकवलं आणि तू पोरांना शिकवतोस. ज्ञानाची वाण नव्हती. आपलं घर मध्ये आलं आणि ज्ञान बाजूला सरकून बसलं."

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस. खूण पुसली असतीस आणि पलीकडल्या दुसऱ्या गरिबाच्या दारावर काढली असतीस. कारण शोधायला तू हुशार आहेस." आप्पांनी बंबाकडे बोट केले. "बाळा, आपल्याला पगार नाही, हुकूम नाही, शिपाई नाही. धुरानं गुदमरलेला माणूस आपल्याला घरात शिरू देतो, एवढाच आपला अधिकार. आज त्या बाईचं घर पाडलं असतं, तर संध्याकाळी तिला खुणेचा अर्थ कळला असता. मग ज्यांच्या ज्यांच्या दारावर खुणा आहेत त्यांना कळला असता. पुढल्या आगीला कडी आतून लागली असती. मग हा बंब म्हणजे नुसता पितळेचा हंडा. घर परत बांधता येतं. तुझं घर बांधायला पहिली वीट मी उचलेन. हा भरवसा मात्र एकदा पडला की कोणाला बांधता येत नाही."

 विश्वंभर उठला, आणि आईची बाज एका बाजूने स्वतः धरून तानूबाईच्या बुटक्या दारातून, मान वाकवून आत गेला. घर पुन्हा उभे राहीपर्यंत ते कुटुंब तिथेच राहिले.

रविवारी त्याने बैठक बोलावली, आपल्याच घराच्या मोकळ्या झालेल्या जागेत. या वेळी नुसते मंडळ नव्हे, साऱ्या आळ्यांना सांगावे धाडले. कोणी येईल अशी त्याला आशा नव्हती. जे मंडळ न जळलेली घरे पाडते, त्याला कोण विचारतो? पण माणसे आली, दाटीवाटीने बसली.

"मागच्या बैठकीतल्या सगळ्या खुणा खोट्या आहेत," विश्वंभर म्हणाला. "त्या मी काढायला लावल्या. ज्याचं पाडणं सोपं त्याचं घर निवडलं, ज्याचं पाडायला हवं त्याचं नाही. माझा सज्जा मला रोज दिसत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. यापुढे तुम्ही म्हणाल तो नायक."

 मग धान्याचा व्यापारी उठला, खाली पाहत म्हणाला, "नायक तुम्हीच. आणि बाजार ओळीत पाडायची वेळ आली तर त्या गुराख्याच्या झोपडीला हात लावू नका. माझी वखार पाडा. मागच्या खोलीत बारदान कोंबलंय छपरापर्यंत. एक ठिणगी पुरे आहे. मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

तो खाली बसला तोच शाळामास्तर उभे राहिले. "माझ्या माळ्यावर कडबा आहे. बाहेरून दिसत नाही." मग शिंपी. मग गवंडी, ज्याने स्वतःच्याच घराची भिंत अर्धी लाकडी फळ्यांनी भागवली होती. एकेक जण उठत होता आणि आपल्याच घराचे नाव घेत होता.

विश्वंभर थक्क होऊन ऐकत राहिला. स्वतःचे घर पडलेले पाहून त्याला जेवढा धक्का बसला नव्हता, तेवढा आता बसला. इतकी वर्षे कवायती केल्या, बंब लखलखीत ठेवला, आणि या गावात आग कुठून कुठे जाईल हे त्याला आज पहिल्यांदा कळत होते. प्रत्येकाला आपापल्यापुरते ते ठाऊक होते. नायकाने आधी आपले सांगावे, एवढ्यासाठी सारे गप्प होते.

तो आप्पांकडे वळला. आप्पा एका कडेला विटा रचत होते. म्हणाले, "ऐकतो आहेस ना नीट? मग झालं."

मित्रहो, दहा जणांसाठी नियम करायला बसाल तेव्हा फार खोलात जाऊ नका. त्यात आपले घर कुठे आहे, एवढे पाहून घ्या.