रवळनाथापुढे दोन फोन

“उजवो म्हंजे खयचो?” दाजी गुरवांनी विचारलं.

चंद्रहास मयेकरने पुढ्यातल्या दोन मोबाईलांपैकी चांदीच्या रंगाचा उचलून दाखवला.

“ह्यो. कॅमेऱ्याचो.”

“आणि डावो?”

“ह्यो काळो. टॉर्चवालो.”

रवळनाथाच्या देवळात त्या दुपारी तीनच माणसं होती. गाभाऱ्यात दाजी. उंबऱ्याबाहेर मांडी घालून चंद्रहास. आणि मागे सभामंडपात, खांबाच्या आड, त्याची बायको रेवती. नवऱ्याला प्रवासाला निघायचं तर जोडीने देवदर्शन करायची रीत, म्हणून ती आली होती. रीत पाळायला तोंड उघडावं लागत नाही.

दाजी नुसते पुजारी नव्हते. चंद्रहासने पोरवयात पखवाजावर पहिला हात टाकला तो त्यांच्यासमोर बसून. चुकला की मांडीवर चापट बसे. पुढे बोटीवर इंजिनखात्यात नोकरी लागली, पाच-पन्नास बंदरं पाहून झाली, कुणापुढे मान तुकवायची सवय सुटली. दाजींपुढे मात्र अजून मांडी चोळतच बसे.

“सांग तर. दोघांतलो फरक देवाक कळाक व्हयो.”

चंद्रहास खुलला. “ह्या फोनान फोटो निघता. गाणी वाजतत. रंगीत पडदो हा. ज्याचो फोन येता, तेचो फोटोच दिसता वर.”

“आणि काळ्यात?”

“रेडियो हा. टॉर्च हा. एकदा चार्ज केलो काय दिवसच्या दिवस बघूक नको. हातातसून पडलो तरी फुटणा नाय.”

“मगे कौल कसलो?”

“एक तिका ठेवूचो. एक मी बोटीर नेतलंय. खयचो कोणाक, ता देवान सांगूचा.”

दाजींनी खांबाकडे पाहिलं नाही. “तिका इचारलंस?”

चंद्रहासचा आवाज खाली आला. “ती बोलणा नाय माझ्याकडे.”

“कधीपासून?”

“मी इलंय तेच्या दुसऱ्या दिसापासून.”

“म्हंजे सगळी रजा...”

चंद्रहास फोनवरची नसलेली धूळ पुसू लागला.

सगळी रजा त्याने फोन बघण्यात घालवली होती, हे गावाला ठाऊक होतं. कुडाळ झालं, सावंतवाडी झाली, पणजीचीही दुकानं झाली. एका दुकानात बॅटरी किती टिकते ते विचारायचं, दुसऱ्यात पडदा किती मोठा ते. बायको पसंत करायला याला एवढा वेळ लागला नव्हता, अशी थट्टा तिठ्यावर चालायची. शेवटी एक निवडता येईना म्हणून दोन्ही घेऊन आला. मोबाईल तेव्हा गावात नवे होते. रेंज यायची ती फक्त या देवळाच्या टेकडीवर.

आज त्याची गाडी होती. एकदा बोट सुटली की पुढची सुट्टी कधी, ते कंपनीला ठाऊक. त्याआधी रेवतीने एक शब्द बोलावा, एवढंच त्याला हवं होतं. अगदी शिवी दिली असती तरी तो सुखाने गेला असता. पण मागायला बसला होता फोनचा कौल.

दाजींनी तांब्यात भिजवलेल्या दोन कळ्या घेतल्या. एक देवाच्या उजव्या खांद्याला चिकटवली, एक डाव्या.

कौलाची रीत सोपी. कळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि बघत राहायचं. जी आधी पडेल ते देवाचं उत्तर; आज, त्या बाजूचा फोन रेवतीला. लग्न, जमीन, विहीर, भांडण, सगळ्याला गाव असाच कौल घेत आलं होतं. अट एकच. गाऱ्हाण्यात घरातलं प्रत्येक माणूस नावाने देवाच्या कानावर घालायचं. एकही वगळायचं नाही.

दाजींनी हात जोडले. बसका आवाज एकदम मोकळा झाला.

“हे बा देवा रवळनाथा! आज ह्या तुझा लेकरू चंद्रहास तुझ्या पायाकडे इलाहा, रे महाराजा!”

“व्हय महाराजा.” चंद्रहास एकटाच म्हणाला. जत्रेला या होकाराने देऊळ दणाणतं. आज तो उंबऱ्यापाशीच विरला.

“तेच्या घरातली माणसा आयक, रे महाराजा!” दाजी थांबले. “सांग.”

“माझी आवस. भागीरथी.”

“भागीरथी, रे महाराजा!”

“व्हय महाराजा.”

“फुडे?”

“रेवती.”

“रेवती, रे महाराजा!”

“व्हय महाराजा.”

“फुडे?”

चंद्रहासने वर पाहिलं. “फुडे कोण नाय.”

दाजींनी जोडलेले हात सोडले नाहीत.

देवाच्या डाव्या खांद्यावरची कळी हलली. थोडी घसरली. चंद्रहास गुडघ्यांवर पुढे झाला. दाजींनी अंगठ्याने कळी पुन्हा जागच्या जागी दाबून बसवली.

“दाजी! पडत होती ती!”

“गाऱ्हाणा पुरा झाला नाय.”

“झाला. घालून झाला सगळा.”

“फुडे?”

“कोण नाय म्हटलंय ना!”

गाभाऱ्यापुढे असा आवाज कुणी चढवत नाही. खांबामागे बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

दाजींचा चेहरा तसाच. पखवाजावर चुकीचा बोल वाजला की चापट मारून ते असेच बघत राहत, चूक कुठली ते सांगत नसत.

तेवढ्यात चांदीचा फोन वाजला. भर गाभाऱ्यासमोर सनईची धून, वर लाल-निळे दिवे. चंद्रहासने दचकून तो उचलला, दाजींकडे पाहिलं.

“घे,” दाजी म्हणाले.

“हां, बोला... देवळाकडे आसंय... इलंय, इलंय. हलतंय आता.” त्याने फोन ठेवला. “गाडयेवालो. खाली वळणाकडे येऊन थांबलोहा.”

“मगे जा.”

“आणि कौल?”

“अर्ध्या घराचो कौल देव देणा नाय.”

चंद्रहासला राग आला होता. असा राग, की उठून चालू लागावं आणि परत या टेकडीकडे बघू नये. तो उठला नाही, एवढं मात्र खरं.

“बारशाक मीच गाऱ्हाणा घातलंय,” दाजी म्हणाले. “हंयच. तू दर्यात होतंस. खयच्यातरी बंदरातसून पोस्टात फोन केलंस आणि नाव सांगलंस. रेवती पोरीक घेऊन हंय उभी होती. त्या दिसाक देऊळ भरलेला.”

“दाजी, नको.”

“फुडे?”

“माका उशिरा कळला, दाजी. बोट मधी होती. कंपनीन निरोप दिल्यान तवसर सगळा...” त्याने दोन्ही फोन दाजींपुढे सरकवले. “पुन्ना तसा होऊ नये म्हणानच ना ह्या सगळा! हे हातात असते तर रेवतीन माका हंयसून लावल्यान असतो. बंदर लागताच माका कळला असता. मी काय खेळणी आणलंय काय?”

“देवाक ठाव हा ता. फुडे?”

मुलगी दीड वर्षाची होती. गेल्या पावसात तापाने गेली. चंद्रहास घरी पोचला तोवर घरातलं रडणं संपून गेलं होतं, आणि रेवती त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती, की हा आला म्हणजे दोघं मिळून रडू. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली असताना त्याने माजघरातला पाळणा सोडला आणि माळ्यावर टाकला. आईला बजावलं, घरात तिचं नाव कुणी काढायचं नाही. त्याला वाटलं, डोळ्यांसमोरून गेलं की दुखायचं थांबेल. मायेने केलं होतं. रेवती पाण्याची कळशी घेऊन आली, रिकाम्या कड्या बघितल्या, आणि तिचं तोंड मिटलं ते मिटलंच.

“नाव घेतलंय तर कोसळतला सगळा,” चंद्रहास पुटपुटला.

“कोण कोसळतला?”

“...ती.”

“ती?”

खाली वळणावर हॉर्न वाजला. लांबलचक. दाजींनी तांब्यात बोटं बुडवली आणि दोन्ही कळ्यांवर पाणी शिंपडलं. सुकू दिल्या असत्या तर त्या आपसूक पडल्या असत्या, आणि चंद्रहास त्याचीच वाट बघत होता हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

“गाडी जायत, दाजी.”

“जायत.”

“बोट चुकतली.”

“चुकतली.”

चंद्रहासने उंबऱ्यावर हात टेकले. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

“म...”

दाजी थांबले होते. घाई नव्हती, दयाही नव्हती.

“मैथिली.”

“देवाक आयकाक इला पायजे.”

“मैथिली!”

दाजींनी देवाकडे हात जोडले आणि त्या वयात उरला होता तेवढा सगळा आवाज लावला.

“मैथिली चंद्रहास मयेकर, रे महाराजा!”

गाभाऱ्याने ते नाव घेतलं, सभामंडपाने घेतलं, वरच्या कौलांपर्यंत ते जाऊन आलं. आता चंद्रहासने होकार द्यायचा होता. त्याने श्वास घेतला, पण घशातून निघाला तो होकार नव्हता. तो उंबऱ्यावर कपाळ टेकून रडू लागला. ओक्साबोक्शी, जसं रजेच्या पहिल्या दिवशी रडायला हवं होतं तसं.

देऊळ होकाराची वाट बघत राहिलं...

“व्हय महाराजा.”

आवाज खांबामागून आला. जाडाभरडा. बोलायची सवय मोडलेल्या माणसाचा. या देवळात होकार पुरुष देतात, बायका हात जोडून उभ्या राहतात. पण दाजींनी तिला अडवलं नाही.

चंद्रहासने डोकं वर केलं. तो वळला मात्र नाही. डोळे बाहीला पुसले आणि देवाच्या खांद्यांकडे बघायला लागला. डावी कळी. उजवी कळी. पुन्हा डावी.

मागे पावलं वाजली. उठली, चालली, त्याच्या पाठीशी येऊन थांबली.

वादळात इंजिनाच्या भट्टीपाशी रात्र काढणारा हा माणूस. त्याला मान वळवायची छाती होत नव्हती.

“दाजी,” तो कळ्यांवरची नजर न काढता म्हणाला, “आता गाऱ्हाणा पुरा झाला ना? आता पडात. उजवी हालता बघा.”

खाली पुन्हा हॉर्न वाजला.

“जरा थांबा,” चंद्रहास म्हणाला, “कौल पडांदे... तेवढो कौल पडांदे.”

गुरव देवाला पाठ दाखवत नाही. पूजा आटोपली की तो गाभाऱ्यातून उलट्या पावलांनी बाहेर येतो. दाजींच्या वडिलांनी असंच केलं, आजोबांनीही. दाजींना गावाने कधी दुसऱ्या तऱ्हेने बाहेर येताना पाहिलेलं नाही.

त्या दुपारी दाजी वळले. रवळनाथाकडे पाठ करून, पाय रोवून उभे राहिले. त्यांच्या अंगाआड देव झाकला, दोन्ही खांदे झाकले, दोन्ही कळ्या झाकल्या. चंद्रहासला बघायला समोर काही उरलं नाही; मागे रेवती उभी होती.

“देव खंय जाणा नाय, चंद्रहास. तू जातंस.”